एकेचाळीस साप

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय आत्या,

नीट मायना लिहायला हवा, पण एका हाताला चिखल आहे आणि दुसऱ्याला वेळ नाही. होडीवाले काका धक्क्यावर उभे राहून मुद्दाम खोकतायत. ते फक्त गुरुवारी येतात. पिण्याचं पाणी आणि टपाल आणतात, रिकामी पिंपं आणि टपाल घेऊन जातात. मोबाइलला इथे रेंज नाही हे तू सांगितलं होतंस. रेंज नसली की माणूस उगाच किती वेळा खिशात हात घालतो, हे सांगितलं नव्हतंस.

पहिली बातमी म्हणजे मी बुडाले. फार नाही, कमरेपर्यंत. खोलीच्या भिंतीवर बंदराचा भरती-ओहोटीचा छापील तक्ता आहे. त्यात पूर्ण ओहोटी सहा पन्नासला होती, म्हणून मी शहाण्यासारखी बरोबर सहा पन्नासला तिवरांत उतरले. पाणी अजून जायचंच होतं. बूट भरले, वही भिजली, आणि एक बगळा माझ्याकडे असा बघत होता की मला त्याचाच राग आला.

दुसरी बातमी, तुझा दोर आहे. म्हणजे दोर नवा, पण सत्तावीस वर्षांपूर्वी तू ज्या बुंध्यांना तो बांधलास ते बुंधे तेच. अर्धा किलोमीटर दोर, ओहोटीला त्याच्या काठाने एकदा चालायचं, दोन्ही बाजूंना पाच-पाच पावलांत दिसेल तो साप लिहायचा, कशालाही हात लावायचा नाही. ऐकायला किती सोपं! कुत्रतोंड्या साप चिखलाच्याच रंगाचा. शेपटीने मुळाला विळखा घालतो, कुत्र्यासारखा जबडा पाण्याकडे करतो आणि मासा येईपर्यंत तासन्‌तास पडून राहतो. मला दोन मिनिटं एका जागी उभं राहवत नाही. त्यात ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि तिच्यामागे माझं जेवण, आंघोळ, झोप सगळं सरकतं. आज दुपारी तीनला मी दात घासले.

खोलीच्या दारावर तुझी पाटी आहे. निळा रंग, तुझं अक्षर. ‘दिसला तोच लिहा. वाटला तो नको.’ येता-जाता वाचते.

हे सगळं कशासाठी ते तुला माहीत आहेच. वीस मार्चला सुनावणी आहे. खाडीच्या तोंडाशी बांध घालून पाणी अडवायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार. ऑफिसातले आमचे सर म्हणाले, जुने आकडे तुझे, नवे माझे, दोन्ही शेजारी मांडू. ऑफिसच्या दिवाणखान्यात तुझ्या फोटोखाली लिहिलंय ना, ‘एका ओहोटीत एकेचाळीस साप’? मला आज आठ दिसले. पण मी नवखी आहे. डोळा बसला की वाढतील.

काका आता शिट्टी वाजवतायत.

तुझी,
टिटवी

९ फेब्रुवारी

टिटवे,

आज तुझा वाढदिवस. तुला तो चिखलात साजरा करायला लागणार म्हणून वाईट वाटायला हवं, पण मला हेवाच वाटतोय. तुझं हे नाव मी उगाच नाही ठेवलं. तू जन्मल्यापासून एका जागी ठरत नाहीस.

बुडालीस ते बरं झालं. तो तक्ता बंदराचा आहे बाई, आणि खाडीला काही वाचता येत नाही. पाणी आत वळत वळत येतं आणि जाताना तसंच रमतगमत जातं. दोराच्या ठिकाणी ओहोटी तक्त्याच्या एक तास दहा मिनिटं मागून येते. हे कुठेही छापलेलं नाही. मीही बुडूनच शिकले. माझ्या वह्या काढून बघ, एकही वेळ तुला तक्त्यासारखी सापडणार नाही. त्यावरूनच कळतं, कोण चिखलात उतरलं होतं आणि कोण खोलीत बसून होतं.

चालताना सापाकडे बघू नकोस, पाण्याच्या कडेकडे बघ. कडेची रेघ जिथे तुटलेली वाटते तिथे तो असतो. आणि चावला तर घाबरू नकोस, कुत्रतोंड्याचं विष माशापुरतं. तरी साप म्हणू नये धाकला. पुढची ओळ मला लागू नाही, म्हणून लिहीत नाही.

एक विचारायचं होतं. खेकडे खाणारा तो काळा, चकचकीत साप दिसला का? तो म्हणे फक्त नुकतं कवच टाकलेला मऊ खेकडा धरतो. मी तीन महिने वाट बघितली, मला त्याचं बीळही नीट कळलं नाही.

इथे सगळं तसंच. खाली चावीवाल्याचं यंत्र दिवसभर किर्र करतं, वर माझा गुडघा. निवृत्त माणसाने सकाळी सहाला उठून काय करायचं हे कोणी सांगत नाही. काल मी कपाट खिडकीकडून दाराकडे सरकवलं, आज परत खिडकीकडे.

आत्या

१९ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय आत्या,

एक तास दहा मिनिटं! अगदी घड्याळ लावल्यासारखं. तू सांगितल्यापासून बूट कोरडे आहेत.

पण बाकी काहीच बरं नाही. आठ, सात, नऊ, आठ. डोळा बसला, कडेची रेघ वाचता येते, मुळाआड लपलेलाही दिसतो, तरी आठ. नियम एकदाच चालायचा आहे ते माहीत आहे, पण परवा मी दोर पुन्हा चालून बघितला, वहीत न लिहिता. नऊ. मग तिसऱ्यांदा चालले, तर पाणी परत यायला लागलं होतं आणि काका नंतर म्हणाले, “ताई, साप मोजताय की पावलं?”

सरांची चिठ्ठी आली आहे. तुझ्या त्या वर्षीच्या अकरा फेब्रुवारी ते पाच मार्च या तेवीस दिवसांचीच तुलना करायची, कारण तुझे आकडे तेव्हाच सगळ्यात मोठे आहेत. सरासरी चोवीस. माझी आठ. बांधवाल्यांच्या इंजिनिअरने हे ऐकलं आणि तो खूश झाला. त्याचं म्हणणं, दोन तृतीयांश साप गेले म्हणजे खाडी मेलेलीच आहे, मग मेलेल्या खाडीला बांध घातला तर बिघडलं काय? सुंठेवाचून खोकला गेला. आम्हाला वाटत होतं की साप कमी झाले म्हटलं की सगळे खाडी वाचवायला धावतील.

मला सांग, तू काय वेगळं करत होतीस? दोर जास्त लांब होता का? तुझे आकडे जिना चढल्यासारखे चढतात. सहा, सात, नऊ, अकरा. असे एकेचाळीसपर्यंत. मधेच चोवीस फेब्रुवारीला एकदम तीन! सरांनी या चढणीवर अख्खा निबंध लिहिलाय. तेव्हा म्हणे लहान मासे आत येतात, आणि त्या ‘तीन’च्या दिवशी वरच्या डोंगरात पाऊस पडून खाडीत गोडं पाणी आलं असणार. मी दोन दिवस माशांची पिल्लं शोधतेय. नाहीत.

मला झोप लागत नाही. इथे एवढं शांत आहे आणि मला सारखं वाटतं की माझ्याच हातून काहीतरी सुटतंय. लवकर लिही.

टिटवी

२३ फेब्रुवारी

टिटवे,

पत्र मिळालं. दोर तेवढाच होता. पद्धत तीच. साप कमी-जास्त होतात, तो काही शाळेचा पट नव्हे. तुला जे दिसतं ते लिहीत जा आणि जुन्या वह्यांच्या फार नादी लागू नकोस. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही.

झोप नीट घे. पाणी उकळून पी.

आत्या

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आत्या,

सकाळच्या होडीने तुझं पत्र आलं, चार वेळा वाचलं. हे तू लिहिलेलं नाही. म्हणजे अक्षर तुझं आहे, पण यात ना गुडघा, ना चावीवाला, ना मला एखादा टोमणा. तू कधी कुणाला झोप नीट घे म्हणाली आहेस का?

मग मी तेच केलं जे तू करू नकोस म्हणालीस. खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत त्या वर्षीचा तक्ता सापडला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. तुझ्या वहीच्या प्रती माझ्याकडे आहेतच. एका बाजूला तक्ता, एका बाजूला वही, आणि मी बोट ठेवत गेले. जानेवारी, एक तास दहा मिनिटं मागे. मार्चचा मध्य, एक तास दहा मिनिटं मागे. रोज, न चुकता. फक्त अकरा फेब्रुवारी ते पाच मार्च, तेवीस दिवस, वेळ तक्त्यातलीच. मिनिटाचाही फरक नाही.

त्या वेळेला तिथे कमरेएवढं पाणी असतं, आत्या. साप मोजता येत नाहीत. तूच मला शिकवलंस, कोण चिखलात उतरलं होतं आणि कोण खोलीत बसून होतं ते कसं कळतं.

होडी थांबवून मी काकांना विचारलं. ते तेव्हाही होडी चालवायचे. आधी म्हणाले आठवत नाही. मग म्हणाले, पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस भाड्याच्या होडीने आला होता, आणि ताई पिशवी घेऊन त्याच्याबरोबर गेल्या. रडत होत्या. तीन-साडेतीन आठवडे खोलीला कुलूप होतं. ‘आपण कुणाला बोललो नाही,’ असंही म्हणाले, अगदी अभिमानाने.

कोण होता तो? मला त्याच्याशी काही घेणं नाही, तू तेहतीस वर्षांची होतीस, जायचं तिथे जावंस. पण परत येऊन वही भरलीस! आणि एकेचाळीस? वर दारावर ती पाटी! मी लहानपणापासून त्या फोटोखाली उभी राहून लोकांना सांगत आलेय की ही माझी आत्या.

आता खरा हिशोब ऐक. ते तेवीस दिवस काढून टाकले तर तुझी सरासरी नऊ येते. माझी आठ. म्हणजे ही खाडी मेलेली नाही. सत्तावीस वर्षांत तिचं जवळजवळ काहीच गेलेलं नाही. तिला मारतायत ते तुझे साप.

पण मी हे कशाच्या जोरावर म्हणू? वेळा जुळतात म्हटलं तर इंजिनिअर म्हणेल, बाईंचं घड्याळ चुकलं असेल. तू लिहून द्यायला हवंस. सुनावणीला बावीस दिवस आहेत.

आणि ते ‘तीन’ काय आहे? खोटंच लिहायचं तर मधेच तीन कशाला?

५ मार्च, गुरुवार

आत्या,

होडी आली. पाणी आलं, सरांची चिठ्ठी आली, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका चुकून माझ्याकडे आली. तुझं पत्र नाही.

आज सात साप. मी धक्क्यावर बसून हे लिहितेय आणि काका आज खोकत नाहीत, शिट्टीही वाजवत नाहीत. त्यांना वाटतंय त्यांनी सांगायला नको होतं. मलाही तसंच वाटतंय. गेल्या पत्रात जे तिखट लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेते. उरलेलं अर्धं राहू दे.

तू बरी आहेस ना? एवढंच कळव.

टिटवी

८ मार्च

टिटवे,

बरी आहे. कपाट आता खोलीच्या मध्यभागी आहे, कारण ढकलताना दमले.

मी गप्प राहिले कारण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ मी सत्तावीस वर्षं झाकली. तक्त्याबद्दलचं ते वाक्य मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं. पोस्टाच्या पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला आणि मग आठवलं. पेटीत हात घालून बघितला, जात नाही.

तो पांढऱ्या सदऱ्यातला माणूस तुझा बाप होता.

तू सातव्या महिन्यात जन्मलीस हे तुला माहीत आहे. मी तुला पहिल्यांदा बघितलं ते तू दोन महिन्यांची झाल्यावर, असं आपल्या घरात सांगतात. ते खोटं आहे. ते मी सांगायला लावलं. तू दोन दिवसांची असताना दादा होडी करून आला. दवाखान्यात वहिनी वरच्या मजल्यावर तापाने बेशुद्ध, तू खालच्या मजल्यावर, दोन्ही हात जोडले तर ओंजळीत मावशील एवढी. तुला दूध ओढायची ताकद नव्हती. नर्सने सांगितलं, दर दोन तासांनी चमच्याने पाजा, घरातलं कोणीतरी बसा. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. दादाचे हात एवढे थरथरायचे की अर्धं दूध तुझ्या कानात.

त्याआधी, वहिनीची तब्येत बिघडायला लागली तेव्हा, मी रजा मागितली होती. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, “बाईला खाडीवर पाठवलं की हेच होणार हे मी सांगितलंच होतं.” मी तिथे नेमलेली पहिली बाई. मी हट्टाने रजा घेतली असती तर दुसरी कुणी नेमली गेली नसती. म्हणून न सांगता गेले.

वही पिशवीत होती. नर्सला दिवसाचे चमचे मोजून हवे असायचे. कागद हाताशी नव्हता, वही होती आणि सापांचा रकाना मोकळा होता. पहिल्या दिवशी सहा. सहाच चमचे प्यालीस तू दिवसभरात. मग सात. मग नऊ. चोवीस तारखेला तुला ताप होता, तोंडच उघडेनास. तीन. त्या रात्री दादा जिन्यात बसून राहिला आणि मी तुझ्या छातीकडे बघत होते, हलते का ते. दुसऱ्या दिवशी दहा चमचे प्यालीस. आणि पाच मार्चला, शेवटच्या दिवशी, एकेचाळीस. नर्स म्हणाली, आता जा तुम्ही, ही जगणार.

खोलीवर परतले तेव्हा वही बघायला साहेब दोन दिवसांत येणार असं कळलं. पानं फाडली असती तर शिवणीवरून कळलं असतं. आकडे तर होतेच, फक्त वेळा भरायच्या राहिल्या होत्या. भिंतीवरच्या तक्त्यातून भरल्या. एक तास दहा मिनिटं मिळवायला विसरले. ज्याला त्याला सांगत आले आणि स्वतःच विसरले. मला वाटलं होतं, कोणी एवढं बघणार नाही. मग त्या आकड्यांना बक्षीस मिळालं, फोटो लागला, सरांनी निबंध लिहिला. दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. मी भित्री होते, टिटवे. सापाला कधी घाबरले नाही, माणसांना घाबरले.

तुझ्या त्या चढत्या जिन्यात मासे शोधायला सरांनी उगाच त्रास घेतला. वरच्या डोंगरात पाऊस पडला नव्हता. तुला ताप होता.

खेकडे खाणारा साप मात्र मी कधी लिहिला नाही, हे बघून घे. तेवढं खोटं मला जमलं नाही.

आता तू म्हणतेस लिहून दे. लिहायला बसते. चार वेळा बसले.

आत्या

१२ मार्च, गुरुवार

प्रिय आत्या,

काकांना दोन तास थांबवून ठेवलंय. काका आज पत्ते घेऊन आलेत, एकटेच खेळतायत.

काय लिहू? मी ती पानं समोर घेऊन बसले आहे. सहा. सात. नऊ. मी हे आकडे पाठ केले होते गं, परीक्षेसाठी. प्रश्न असायचा, ‘वाढीची कारणे द्या’.

आणि मी तुला काय काय लिहिलं! मला स्वतःची इतकी लाज वाटतेय की सकाळपासून पाच वेळा धक्क्यापर्यंत जाऊन परत आले. त्या माणसाचं तर सोड. बाबांना सांगू नकोस.

यासोबत दोन पाकिटं आहेत, दोन्ही अहवाल माझ्या सहीचे. पहिल्यात मी ते तेवीस दिवस वगळलेत आणि का वगळलेत ते लिहिलंय. खाडी जिवंत आहे असं स्पष्ट म्हटलंय. त्याला तुझं निवेदन जोडावं लागेल, नाहीतर ते टिकणार नाही. दुसऱ्यात फक्त माझे आकडे आहेत, जुन्या वहीचं नावही नाही. दुसऱ्याने बांध थांबणार नाही, इंजिनिअर स्वतःच चोवीस आणि आठ शेजारी ठेवेल. पण तुझा फोटो भिंतीवर राहील.

कुठलं सरांकडे द्यायचं ते तू ठरव. मला माहीत आहे कुठलं द्यायला हवं. पण ज्या बाईने मला एकेक चमचा मोजून जगवलं, तिचं नाव माझ्या हातून पुसलं जाणं मला झेपत नाही. मी भित्री आहे म्हण. तुझ्याकडूनच आलं असेल.

आजचे साप नऊ. एक तर माझ्या बुटाच्या टोकाशी होता, मी पाच मिनिटं हलले नाही. खरंच.

टिटवी

२१ मार्च

टिटवे,

पाकिटं शनिवारी मिळाली. दोन दिवस टेबलावर होती. सोमवारी सकाळी सहाला उठले, दुसरं पाकीट न उघडता फाडलं, पहिलं घेतलं, आणि जे चार वेळा जमलं नव्हतं ते निवेदन पाचव्यांदा एका दमात लिहिलं. एक पान. मग ऑफिसचे तीन मजले चढले, गुडघ्याच्या नाकी नऊ आले.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग काय म्हणाले असतील? म्हणाले, “मी वीस वर्षं त्या ‘तीन’वर बोलत आलोय.” मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मी म्हटलं, माझं चुकलं सर. त्यांनी निवेदन फायलीला लावलं. अजूनही बोललेले नाहीत.

काल सुनावणी झाली. लांबट खोली, पंखे, मागे चाळीस-पन्नास माणसं. मला उभं करून निवेदन वाचायला लावलं. इंजिनिअर उठला. “मग बाई, हे आकडे होते तरी कशाचे?” मी सांगितलं, दुधाच्या चमच्यांचे. मागे कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणीतरी. मी थांबले नाही. कुणाचं बाळ, किती दिवसांचं, चोवीस तारखेला काय झालं, सगळं सांगितलं. हसणं थांबलं. तरी लाज वाटायची ती वाटलीच. खूप वाटली. तू समोर नव्हतीस हे बरं झालं.

निकाल असा. फायलीतून ‘मृत खाडी’ हे शब्द काढले. माझ्या नऊंच्या शेजारी तुझे आठ लिहिले. बांधाला तूर्त मनाई, आणि वर्षभर दर ओहोटीला मोजणी करून मगच काय ते ठरवायचं. मोजणारी म्हणून तुझं नाव लिहिलंय. त्यावर कोणाचीच हरकत आली नाही, इंजिनिअरचीही नाही.

येताना दिवाणखान्यातून आले. शिपाई शिडीवर चढून फोटो काढत होता. मला बघून बिचारा ओशाळला, म्हणाला, “धूळ पुसायला काढतोय.” मी शिडी धरली.

घरी येऊन कपाट खिडकीपाशी लावलं. आता तिथेच राहील. काल दुपारी जेवून झोपले ती संध्याकाळपर्यंत. इतकी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

एक विचारू का? वहीत माझं नाव आता चालणार नाही, ते मला माहीत आहे. पण नुसती मागून चालायला, एखादी ओहोटी बघायला, मी आले तर चालेल?

आत्या

२६ मार्च, गुरुवार

प्रिय आत्या,

चालेल का म्हणून काय विचारतेस? काकांना सांगून ठेवलंय. पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला होडी सुटते. तुझ्यासाठी त्यांनी आतापासून बसायला उशी शोधलीय. गुडघ्यासाठी मी काठी तासून ठेवली आहे. बूट तुझे तू आण, माझे तुला होणार नाहीत.

आणि ऐक. काल तो दिसला! काळा, चकचकीत, बोटाएवढा जाड. एका खेकड्याने नुकतंच कवच टाकलं होतं, तो लोण्यासारखा मऊ होता. सापाने त्याला तोंडात धरलं, आपल्याच अंगाचं वेटोळं केलं आणि खेकडा त्यातून ओढून काढला. पाय तुटून बाजूला पडले. मग एकेक करून गिळले. मी वीस मिनिटं उभी होते. बीळ कुठे आहे ते मला कळलंय, पण पत्रात सांगत नाही, आलीस की दाखवते. वहीत ‘एक’ लिहिलाय. दिसला म्हणून लिहिला.

जुन्या वहीची ती तेवीस पानं रद्द करून पाठवायचं पत्र सरांकडून मूळ वहीसोबत आलं. नियम असा आहे की पानावर तिरकी रेघ मारायची, समासात कारण लिहायचं आणि आत्ताच्या निरीक्षकाने खाली सही करायची. मी प्रत्येक पानावर रेघ मारली. चोवीस फेब्रुवारीच्या पानापाशी जरा थांबले. मग तिथेही मारली.

समासात सगळीकडे एकच कारण लिहिलंय, सरांना आवडो न आवडो. ‘हे आकडे सापांचे नाहीत. हे मी प्यालेलं दूध आहे.’ आणि खाली माझी सही केली.

तुझी,
टिटवी